सिस्टरची ड्यूटी बदलते, तेव्हा तुमची माहिती कुठे जाते? वॉर्डातल्या ‘ओव्हर’चा दीडशे वर्षांचा इतिहास

तुम्ही स्वतः किंवा घरातले कोणी रुग्णालयात दाखल झाले असेल, तर एक गोष्ट लक्षात आली असेल. सकाळी सात-आठच्या सुमारास, दुपारी दोनच्या आसपास आणि रात्री आठ-नऊ वाजता वॉर्डात थोडा वेळ वेगळीच गडबड असते. दोन-चार सिस्टर टेबलाभोवती किंवा खाटेपाशी उभ्या असतात, हातात फाइल असते आणि भराभर बोलणे चालू असते. त्या वेळी कोणी काही विचारले तर उत्तर मिळते, "पाच मिनिटं थांबा, ओव्हर चालू आहे."

ओव्हर देणे म्हणजे घरी निघालेल्या सिस्टरने आपल्या रुग्णांची सगळी माहिती कामावर आलेल्या सिस्टरच्या हवाली करणे. नव्या सिस्टरने ती नीट समजून घेणे म्हणजे ओव्हर घेणे. कोणाला कशासाठी दाखल केले, रात्रीत काय झाले, कोणते औषध दिले, कोणते राहिले, कोणाला उपाशी ठेवायचे आहे, कोणाचा रिपोर्ट यायचा आहे, हे सगळे त्यात येते.

आता एक साधा हिशेब करा. दिवसाला तीन पाळ्या असतील आणि तुम्ही पाच दिवस दाखल असाल, तर तुमची माहिती पंधरा वेळा एका माणसाकडून दुसऱ्याकडे जाते. त्यातल्या एका जरी वेळी महत्त्वाची गोष्ट गळली, तर पुढच्या सगळ्यांना ती ठाऊकच नसते.

समजा, डोक्याला मार लागलेला एक रुग्ण निरीक्षणासाठी दाखल आहे. त्याला दर तासाला हाक मारून उठवायचे, नीट उत्तर देतो का पाहायचे, डोळ्यांच्या बाहुल्या तपासायच्या, असे ठरलेले आहे. ओव्हर देताना सांगितले गेले, "सात नंबर, शांत झोपलाय." दर तासाला उठवायचे आहे, एवढे मात्र सांगायचे राहिले. रुग्ण झोपला आहे की मेंदूवर दाब वाढून गुंगीत जात आहे, हे लांबून पाहून कळत नाही. वाक्य खोटे नव्हते, पण अपुरे होते आणि ते जिवावर बेतू शकते.

हा धोका वैद्यकीय क्षेत्राच्या कसा लक्षात आला आणि त्यावर काय काय उपाय केले गेले, याचा इतिहास आज पाहू. रुग्ण म्हणून तुम्हालाही त्यातून काही उपयोगी हाती लागेल.

नाइटिंगेलबाईंचा प्रश्न

फ्लॉरेन्स नाइटिंगेल म्हटले की हातात दिवा घेऊन फिरणारी बाई आठवते. क्रिमियन युद्धाच्या काळात, नोव्हेंबर १८५४ मध्ये, त्या ३८ परिचारिकांना घेऊन इस्तंबूलजवळच्या स्कुतारी येथील लष्करी रुग्णालयात पोचल्या. पण त्यांचे मोठे काम दिव्यापेक्षा वही आणि आकडे यांचे होते.

शुश्रूषेवरचे त्यांचे प्रसिद्ध पुस्तक १८५९ च्या अखेरीस निघाले. त्यातले एक प्रकरण वरवर क्षुल्लक वाटणाऱ्या व्यवस्थेबद्दल आहे. त्याचा मुद्दा असा, की तुम्ही रुग्णाजवळ असताना कितीही उत्तम काळजी घ्या, तुम्ही नसताना तीच काळजी घेतली जाईल अशी व्यवस्था तुम्ही केली नसेल तर सगळे वाया जाते. आजच्या ओव्हरचे मूळ तत्त्व हेच आहे. सिस्टर चोवीस तास जागी राहू शकत नाही, पण काळजी चोवीस तास चालू राहिली पाहिजे.

त्याच पुस्तकात रुग्णाचे निरीक्षण कसे करावे यावरही त्यांनी लिहिले आहे. ‘रात्र चांगली गेली का?’ असा प्रश्न त्यांना मुळीच पसंत नव्हता. एखाद्याला सलग दहा तास झोप लागली नाही तरी रात्र वाईट वाटते, तर दुसऱ्याला अधूनमधून डुलकी लागली तरी ती चांगली वाटते. त्यापेक्षा किती तास झोपला आणि कोणत्या वेळी, असे विचारावे, असे त्या सांगतात. आपल्या वरच्या उदाहरणातले ‘शांत झोपलाय’ हे वाक्य त्यांच्यासमोर कोणी उच्चारले असते, तर त्यांनी लगेच पुढचा प्रश्न विचारला असता.

१८६० मध्ये लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात त्यांच्या नावाची परिचारिका प्रशिक्षण शाळा सुरू झाली. त्याआधी रुग्णालयात काम करणाऱ्या अनेक बायकांना लिहिता-वाचता येत नसे. जे काही सांगायचे ते तोंडी. लिहिणारी-वाचणारी, निरीक्षण करून नोंद ठेवणारी परिचारिका तयार होणे हा इतिहासातला पहिला मोठा बदल होता.

थर्मामीटर आला आणि नोंदीला आकार आला

दुसरा बदल एका उपकरणामुळे झाला. जर्मनीतल्या लाइपझिग येथील डॉक्टर कार्ल वुंडरलिश यांनी हजारो रुग्णांचे तापमान नियमित मोजले आणि १८६८ मध्ये त्यावर ग्रंथ लिहिला. ताप एकदा मोजून फारसे कळत नाही, तो दिवसभरात कसा चढतो-उतरतो यावरून आजार ओळखता येतो, हे त्यांनी दाखवले. त्याच सुमारास इंग्लंडमध्ये थॉमस क्लिफर्ड ऑलबट यांनी सहा इंची थर्मामीटर आणला. त्यापूर्वीचे थर्मामीटर सुमारे फूटभर लांब असत आणि ताप मोजायला वीस मिनिटे लागत. नव्यात पाच मिनिटांत काम होऊ लागले.

आता दर काही तासांनी ताप मोजणे आणि तक्त्यावर ठिपका देणे शक्य झाले. खाटेच्या पायथ्याशी अडकवलेला तापाचा तक्ता तुम्ही पाहिला असेल. ठिपके जोडून झालेली रेघ सकाळची सिस्टर, दुपारची सिस्टर आणि रात्रीची सिस्टर मिळून काढतात. तिघी एकमेकींशी एक शब्द बोलल्या नाहीत, तरी निदान तापाचा इतिहास हरवत नाही. पण वेदना, भीती, खाण्यापिण्याची तऱ्हा, वागण्यातला फरक यांचे काय? त्यासाठी शब्दच हवेत.

ते काम अमेरिकेत लिंडा रिचर्ड्स यांनी पुढे नेले. बॉस्टनमध्ये प्रशिक्षण घेऊन १८७३ मध्ये पदविका मिळवलेल्या या बाई अमेरिकेतल्या पहिल्या प्रशिक्षित परिचारिका मानल्या जातात. त्यानंतर त्या न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू रुग्णालयात रात्रपाळीच्या प्रमुख झाल्या. प्रत्येक रुग्णाची स्वतंत्र लेखी नोंद ठेवण्याची पद्धत सुरू करण्याचे श्रेय त्यांना दिले जाते. ही पद्धत रात्रपाळी सांभाळणाऱ्या बाईकडून यावी, हे मला साहजिक वाटते. रात्री काय झाले ते दिवसा येणाऱ्यांनी पाहिलेले नसते. त्यांना ते कळण्याचा एकच मार्ग म्हणजे रात्रीच्या सिस्टरने ते सांगणे किंवा लिहून ठेवणे.

कार्ड, चिठ्ठी आणि टेपरेकॉर्डर

विसाव्या शतकात केसपेपर जाडजूड होत गेले. पाळी बदलताना वीस रुग्णांच्या फाइली वाचत बसायला कोणाकडे वेळ नसतो. म्हणून वॉर्डात ‘कार्डेक्स’ आला. मुळात हे कार्यालयात कार्डे लावून ठेवण्याच्या साधनाचे व्यापारी नाव होते. एका रुग्णाचे एक कार्ड, सगळी कार्डे एकाखाली एक सरकवून ठेवलेली. त्यावर औषधे, पथ्य, तपासण्या पेन्सिलने लिहायच्या आणि डॉक्टरांची सूचना बदलली की खोडून नवी लिहायची. रुग्ण घरी गेला की ते कार्ड बहुतेक वेळा फेकून दिले जाई. आत्ता या क्षणी काय करायचे आहे, एवढेच त्यातून कळे.

कार्डेक्सबरोबर खिशातली चिठ्ठीही होतीच, आणि ती आजही आहे. ओव्हर घेताना सिस्टर एका कागदावर खाट क्रमांक टाकून स्वतःच्या खुणांनी नोंदी करते आणि पाळीभर त्यावर काम करते. तो कागद तिला सोयीचा असला, तरी दुसऱ्या कोणाला त्यातले फारसे कळत नाही.

मध्यंतरी काही देशांत टेपरेकॉर्डरचा प्रयोग झाला. जाणारी सिस्टर आपले सांगणे ध्वनिमुद्रित करून ठेवी आणि येणाऱ्या सिस्टर ते एकत्र ऐकत. वेळ वाचला, पण टेपला प्रश्न विचारता येत नाही. ‘म्हणजे नक्की किती लघवी झाली?’ असे विचारायला समोर माणूस लागतो. ओव्हर घेणाऱ्याने प्रश्न विचारणे किती महत्त्वाचे आहे, हे या प्रयोगाने शिकवले.

विश्रांती वाढली, बदलही वाढले

पूर्वी बारा तासांच्या दोन पाळ्या असणे सर्रास होते. दमलेल्या माणसाच्या हातून चुका होतात, म्हणून अनेक ठिकाणी आठ तासांच्या तीन पाळ्या आल्या. हे योग्यच झाले, पण माहिती एका हातातून दुसऱ्या हातात जाण्याच्या वेळा दोनाच्या तीन झाल्या. अमेरिकेत २००३ मध्ये शिकाऊ डॉक्टरांच्या कामावर आठवड्याला ८० तासांची मर्यादा आली, तेव्हा डॉक्टरांच्या बाबतीतही हाच पेच उभा राहिला. त्यामुळे पाळ्या कितीही असोत, माहिती सोपवण्याची पद्धतच पक्की करावी लागेल, हे स्पष्ट झाले.

माहिती किती गळते, हे ब्रिटनमधल्या एका छोट्या अभ्यासाने २००५ मध्ये मोजून दाखवले. बारा काल्पनिक रुग्णांची माहिती परिचारिकांनी एकीकडून दुसरीकडे अशी लागोपाठ पाच वेळा द्यायची होती. फक्त तोंडी सांगितले तेव्हा तीन फेऱ्यांनंतर सगळी माहिती नाहीशी झाली. ऐकताना स्वतःच्या कागदावर टिपणे घेतली, तेव्हा पाच फेऱ्यांनंतर ३१ टक्केच माहिती बरोबर उरली. छापील कागद आणि त्याबरोबर तोंडी सांगणे, अशी जोड दिली तेव्हा गळती नगण्य होती. लहानपणी आपण रांगेत बसून कानात निरोप सांगण्याचा खेळ खेळायचो, त्याचीच आठवण यावी. फरक इतकाच, की येथे निरोप रुग्णाच्या औषधाचा असतो.

पाणबुडीतून वॉर्डात

१९९९ मध्ये अमेरिकेतल्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनच्या अहवालाने खळबळ उडवली. वैद्यकीय चुकांमुळे त्या देशातल्या रुग्णालयांत दरवर्षी ४४,००० ते ९८,००० माणसे दगावत असावीत, असा अंदाज त्यात होता. त्यानंतर सगळ्यांनी इतर धोक्याच्या व्यवसायांकडे पाहायला सुरुवात केली. विमान, अणुभट्टी, पाणबुडी येथे माणसे एकमेकांना माहिती कशी देतात?

अमेरिकी नौदलाच्या अणुपाणबुड्यांत वापरली जाणारी एक पद्धत कैसर परमनेंटे या आरोग्यसंस्थेने रुग्णालयात आणली. तिचे नाव ‘एसबार’. चार पायऱ्यांत बोलायचे: आत्ता काय झाले आहे, त्यामागची पार्श्वभूमी काय, मला काय वाटते आणि काय करायला हवे. सिस्टरने रात्री डॉक्टरांना फोन करताना ती प्रथम वापरली गेली, पुढे ती ओव्हरमध्येही आली.

यातली तिसरी आणि चौथी पायरी मला सर्वांत मोलाची वाटते. अनेक ठिकाणी सिस्टरला काळजी वाटत असली तरी ‘डॉक्टरांना कसे सांगायचे’ म्हणून ती आडून आडून बोलते. येथे तिने स्वतःचे मत सांगणे हा पद्धतीचाच भाग झाला. संकोचाला जागा उरली नाही.

२००६ पासून अमेरिकेतल्या रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या जॉइंट कमिशनने ओव्हरची ठरावीक पद्धत असावी, असा आग्रह धरला. २००७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या रुग्णसुरक्षा उपायांच्या यादीतही हा विषय आला. पुढे डॉक्टरांच्या ओव्हरसाठी ‘आय-पास’ ही पद्धत नऊ रुग्णालयांत तपासली गेली. तिचे निष्कर्ष २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. वैद्यकीय चुका २३ टक्क्यांनी आणि टाळता येण्याजोग्या इजा ३० टक्क्यांनी कमी झाल्या होत्या. या पद्धतीची शेवटची पायरी अशी, की ऐकणाऱ्याने आपल्याला काय समजले ते स्वतःच्या शब्दांत परत सांगायचे.

आणि मग कोणाला तरी रुग्ण आठवला

वरचा सगळा इतिहास पुन्हा डोळ्यांसमोर आणा. वही, तक्ता, कार्ड, टेप, चार पायऱ्या. या सगळ्यात ज्याची माहिती आहे तो रुग्ण कुठे आहे? बराच काळ तो खाटेवर पडून होता आणि त्याच्याविषयीचे बोलणे लांब टेबलापाशी चालू होते.

२००४ च्या सुमारास कैसर परमनेंटेच्या काही रुग्णालयांत ओव्हर टेबलापासून उचलून थेट खाटेपाशी नेण्यात आली. दोन्ही सिस्टर रुग्णासमोर उभ्या राहून माहिती देतात-घेतात, सलाईनची बाटली, नळ्या, जखम एकत्र पाहतात आणि रुग्णालाही विचारतात. ऑस्ट्रेलियात २०११ च्या राष्ट्रीय मानकांत ओव्हरला स्वतंत्र स्थान मिळाले आणि रुग्ण व त्याची काळजी घेणारे यांना त्यात सामील करावे, असे त्यात म्हटले गेले.

कारण सरळ आहे. तुमच्या पंधराही ओव्हरना हजर असणारा माणूस एकच असतो, तो म्हणजे तुम्ही. तुम्ही शुद्धीवर नसाल, तर तुमच्याजवळ बसलेला नातेवाईक.

आपल्याकडे काय आहे?

आपल्या रुग्णालयांतली शुश्रूषेची घडी ब्रिटिश पद्धतीवर बसली. मेट्रन, सिस्टर इनचार्ज, दिवस-रात्रीच्या अहवालाची वही, पाळी बदलताना वॉर्डची फेरी, हे सगळे तिथून आले. १९०८ मध्ये भारतीय प्रशिक्षित परिचारिकांची संघटना स्थापन झाली, १९४७ मध्ये इंडियन नर्सिंग कौन्सिलचा कायदा झाला. आता एनएबीएच मानांकन घेणाऱ्या रुग्णालयांना प्रत्येक पाळीत आणि पाळी बदलताना रुग्णाच्या माहितीची देवाणघेवाण करून तिची नोंद ठेवावी लागते.

आपल्या अडचणी मात्र वेगळ्या आहेत. मोठ्या सरकारी वॉर्डात खाटा भरून जमिनीवरही गाद्या असतात आणि सिस्टर मोजक्या. एका रुग्णाच्या वाट्याला ओव्हरमध्ये काही सेकंदच येतात.

दुसरी अडचण भाषेची. मुंबई-पुण्यात केरळहून आलेल्या अनेक सिस्टर वर्षानुवर्षे मनापासून काम करतात. ओव्हर इंग्रजी, हिंदी आणि मराठी यांच्या मिश्रणात चालते. आपली आजी सांगते, "पोटात कळ येते," "पायाला ठणका लागलाय," "छातीत भरून आल्यासारखं होतंय," "तळव्यांची आग होते." डॉक्टरांच्या दृष्टीने या चार वेगवेगळ्या तक्रारी आहेत. ओव्हरमध्ये मात्र चारही जागी ‘पेन’ एवढाच शब्द जाऊ शकतो. छातीत भरून येणे हा हृदयविकाराचा इशारा असू शकतो. मराठी बोलणाऱ्या सिस्टरकडूनही घाईत असे होते, त्यामुळे यात कोणा एकाचा दोष काढण्याचे कारण नाही.

तुम्ही काय करू शकता?

- तुमच्या रुग्णालयात ओव्हर किती वाजता होते, ते पहिल्याच दिवशी विचारून ठेवा. त्या वेळी किरकोळ कामासाठी सिस्टरला थांबवू नका. मध्येच तुटलेले वाक्य पुन्हा पुरे होईलच असे नाही.
- तातडीचे काही असेल तर मात्र ओव्हर संपण्याची वाट अजिबात पाहू नका. धाप लागणे, छातीत दुखणे, रक्तस्राव, अचानक गुंगी येणे किंवा असंबद्ध बोलणे, सलाईनच्या जागी सूज येणे, असे काही दिसले की लगेच हाक मारा.
- ओव्हर खाटेपाशी होत असेल तर लक्ष देऊन ऐका. काही चुकीचे किंवा राहून गेलेले वाटले तर शेवटी नम्रपणे सांगा: "सिस्टर, यांना त्या गोळीची ॲलर्जी आहे, ते सांगायचं राहिलं."
- नव्या सिस्टर आल्या की तीन गोष्टी स्वतःहून सांगा: कोणत्या औषधाची ॲलर्जी आहे, मधुमेह, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या असे नेहमीचे काय चालू आहे, आणि आज काय नवीन घडले.
- नाइटिंगेलबाईंचा धडा वापरा. ‘बरं वाटत नाही’ यापेक्षा ‘पहाटे चारपासून दोनदा उलटी झाली’ हे उपयोगी. ‘काही खाल्लं नाही’ यापेक्षा ‘सकाळपासून अर्धा कप चहा’ हे उपयोगी. दुखणे कसे आहे, ते तुमच्या शब्दांत सांगा आणि बोटाने जागा दाखवा.
- सोबतच्या नातेवाइकांचीही पाळी बदलते. रात्री मुलगा, दिवसा सून असे असेल, तर एक छोटी वही उशाशी ठेवा. वेळ, काय झाले, डॉक्टर काय म्हणाले, एवढेच लिहा. तुमचीही ती ओव्हरच आहे.
- काही गोष्ट शेजारच्या खाटेवर ऐकू जाऊ नये असे वाटत असेल, तर ‘हे बाजूला बोलू या’ असे सांगण्याचा तुम्हाला अधिकार आहे.

यापुढे कोणी सिस्टर तुम्हाला तेच प्रश्न पुन्हा विचारतील, तेव्हा ‘आत्ताच तर सांगितलं’ म्हणून वैतागू नका. त्या मिळालेली माहिती तुमच्याकडून पडताळून घेत असतात. पूर्ण उत्तर द्या, आणि मागच्या उत्तरात काही राहिले असेल तर तेही त्यात घाला.